एक औषध, दोन विकार : मनोरुग्णविषयक मराठीची चिकित्सा

१

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. परंतु पारिभाषिक शब्द संस्कृतोद्भव असावेत, की इंग्रजीतून जसेच्या तसे घ्यावेत, ह्या एकाच प्रश्नाभोवती ती बहुधा फिरत राहिली. शब्द ज्याच्यासाठी घडवावयाचा तो मनुष्य त्या शब्दावरून काय समजतो आणि समजून काय करतो, ह्याचा विचार त्या मानाने थोडा झाला. वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या परिभाषेत ही उणीव खपून जाते. कारण तेथे शब्दाचा वाचक विद्यार्थी असतो आणि त्याला समजावून देणारा अध्यापक जवळ असतो. वैद्यकात शब्दाचा अखेरचा वाचक रोगी असतो. गोळी घेतल्यावर घरी त्याच्याजवळ असतो तो केवळ शब्द.

प्रस्तुत लेखात एका औषधवर्गाच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे. हा वर्ग फिनोथायाझिनांचा. त्यातील क्लोरप्रोमाझिन व प्रोक्लोरपेराझिन ही दोन औषधे तीव्र मळमळ व वांती ह्यांवर दिली जातात. आणि हीच औषधे भ्रम, भास, अनावर क्षोभ ह्यांनी युक्त अशा मनोविकारांवरही वापरली गेली आहेत. पोट आणि मन ह्या दोहोंच्या मधली जी भिंत आपण गृहीत धरतो ती ह्या औषधांना ठाऊक नाही. मराठी भाषेला ती ठाऊक आहे काय, असल्यास कोणी व केव्हा घातली, आणि तिच्यामुळे रोग्याचे काही नुकसान होते काय, हे पाहणे हा ह्या विवेचनाचा हेतू आहे.

ह्या प्रश्नाला आज केवळ भाषिक कुतूहलापलीकडचे महत्त्व आले आहे. १९१२ चा भारतीय लुनसी अधिनियम जाऊन त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम आला, आणि तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला. ह्या शेवटच्या कायद्याच्या बाविसाव्या कलमाने रोग्याला आपल्या आजाराचे स्वरूप, योजिलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम ह्यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला असून, ती माहिती त्याला समजेल अशा भाषेत व अशा रूपात द्यावी, असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत ती भाषा मराठी होय. कायद्याने हक्क दिला. तो पुरा करण्याची सामग्री भाषेजवळ आहे काय, हे तपासण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे.

२

प्रथम औषधाचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. ह्या वर्गाचे मूळ रंगांच्या रसायनशास्त्रात आहे. १८७६ साली कारो ह्याने मिथिलिन ब्ल्यू हा रंग तयार केला आणि १८८३ साली बेर्नथसेन ह्याने त्याच्या रचनेचा शोध घेताना फिनोथायाझिन हे मूळ संयुग सिद्ध केले. १९५० च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधील रोन-पुलांक ह्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिये ह्याने क्लोरप्रोमाझिन तयार केले. प्राण्यांवरील चाचण्यांत हे द्रव्य कुत्र्यांची कृत्रिम वांती थांबविते, असे सिमोन कूर्वाझिए हिला आढळले. १९५२ मध्ये आंरी लाबोरी ह्या शल्यचिकित्सकाने ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले. आणि रोगी जागा असूनही भोवतालच्या गोष्टींविषयी उदासीन होतो, ह्या गोष्टीकडे त्याने लक्ष वेधले. त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले व पिएर देनिकेर ह्यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले व परिणाम प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा वांतिरोधक म्हणून असलेला त्याचा उपयोग पुढे ठेवण्यात आला होता. म्हणजे पोट आणि मन ह्या दोहोंकडे जाणाऱ्या वाटा ह्या औषधाच्या इतिहासात आरंभापासूनच शेजारी शेजारी आहेत.

ह्या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा ही वनस्पती उत्तर भारतात ‘पागल की दवा’ म्हणून पूर्वापार ओळखली जाई. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद व रक्तदाब ह्यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामांचा निबंध इंग्लंडमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. १९५७ सालचे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत डॉ. वकील, लाबोरी आणि देनिकेर ही तिन्ही नावे आहेत. पुढे रेसर्पिन मागे पडले. परंतु स्वीडनमधील आर्विद कार्लसन ह्याने रेसर्पिनवरील प्रयोगांतूनच डोपामिन ह्या मेंदूतील द्रव्याचे महत्त्व ओळखले, आणि १९६३ मध्ये क्लोरप्रोमाझिनचे कार्य त्याच द्रव्याच्या संदर्भात उलगडण्याचा मार्ग दाखविला. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपण जे जाणतो ते असे : ही औषधे डोपामिनच्या ग्राहकांना अडवितात. मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. रक्तातील विषारी द्रव्ये ओळखून तो वांतीची सूचना देतो. तेथे डोपामिन अडविले म्हणजे मळमळ थांबते. मेंदूच्या अन्य भागांत तेच अडविले म्हणजे भ्रम व भास ओसरतात. आणि हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात तेच घडले म्हणजे स्नायू आखडतात. औषध एक, क्रिया एक. आपण मात्र तिच्या परिणामांना स्थानपरत्वे तीन नावे देतो : गुण, गुण आणि दुष्परिणाम. भेद मुख्यतः मात्रेचा आहे. मळमळीसाठी क्लोरप्रोमाझिन दहा ते पंचवीस मिलिग्रॅम पुरते. मनोविकारात ते दिवसाला काही शे मिलिग्रॅमपर्यंत जाते. प्रोक्लोरपेराझिनचा उपयोग तर आज प्रायः मळमळ व चक्कर ह्यांपुरताच उरला आहे.

३

आता मराठीकडे वळू. मराठीच्या रूढ वाक्प्रचारांत मनाचे पुष्कळसे व्यवहार पोटात चालतात. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात खड्डा पडतो, दुसऱ्याच्या दुःखाने पोटात कालवाकालव होते, मायेने पोट तुटते, आतडे पिळवटते. नकोशा गोष्टीची शिसारी येते, अतिपरिचयाने वीट येतो. उलटपक्षी, ज्याला शरीराची भोवळ म्हणावी ती डोक्यात जाते : डोके गरगरते. आणि तेच डोके ‘फिरले’ की मनुष्य रागावला वा वेडा झाला असा अर्थ होतो. गरगरणे आणि फिरणे ही दोन्ही क्रियापदे एकाच गतीची. एक शरीरविकार सांगते, दुसरे मनोविकार. आणि ह्या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडणारे औषध एकाच घराण्यातले आहे.

हा योग चटकदार आहे, म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. आपल्या भाषेला किंवा पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अशा ठिकाणी अनेकांना होतो. तो टिकत नाही. चरकसंहितेत उन्मादाची चिकित्सा चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात आहे आणि छर्दीची विसाव्यात. दोहोंना एकत्र गुंफण्याचा प्रयत्न तेथे नाही. छर्दीच्या पाच प्रकारांत ‘द्विष्टार्थसंयोगजा’, म्हणजे मनाला न रुचणाऱ्या, किळसवाण्या गोष्टींच्या संपर्काने होणारी, असा एक प्रकार सांगितला आहे, आणि तिच्यावर मनाला अनुकूल असे उपाय योजावे असे म्हटले आहे. ही दृष्टी निःसंशय सूक्ष्म आहे. परंतु उन्मादाच्या चिकित्सेत वमन हा एक उपाय आहे. तेथे वांती करवून दोष काढावयाचा असतो. आधुनिक औषध वांती थांबविते. दोन्ही शास्त्रांत पोट व मन ह्यांचा संबंध मानला आहे, पण त्या संबंधाची दिशा व उपपत्ती अगदी भिन्न आहे. साम्य दिसले की पूर्वज्ञानाचा दावा करणे ही संशोधनाची रीत नव्हे. वाक्प्रचारांतून भाषेचा अनुभव कळतो. औषधाचे कार्य कळत नाही.

तथापि अनुभवाचेही मूल्य आहे. भाषेच्या ह्या घडणीवरून एवढे निश्चित म्हणता येते की, मराठी भाषकाला मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगण्याची सवय आहे, आणि त्यात त्याला लाज वाटत नाही. ‘पोटात कालवाकालव होते’ हे वाक्य कोणीही चारचौघांत बोलेल. मग लाज कोठे सुरू होते?

४

माझ्या मते ती व्याकरणात सुरू होते. ‘मला मळमळते’, ‘त्याला उलटी झाली’, ‘तिला चक्कर आली’, ह्या सर्व वाक्यांत रोगी चतुर्थीत आहे. विकार हा आलेला पाहुणा आहे. तो येतो आणि जातो. वांती होणाऱ्या माणसाला मराठीत ह्या कारणाने वेगळे विशेषण मिळत नाही. वेडाचा आरंभही असाच होतो : ‘त्याला वेड लागले.’ भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तसेच वेडही लागते. परंतु पुढल्याच पायरीला वाक्य बदलते : ‘तो वेडा आहे.’ चतुर्थी जाते, प्रथमा येते. विकार रोग्याकडे येण्याऐवजी रोगीच विकाराचे नाव धारण करतो. उलटी थांबल्यावर कोणी त्या प्रसंगाची आठवण ठेवीत नाही. वेड ओसरले तरी ‘वेडा’ हे विशेषण मागे राहते.

येथे आक्षेप असा येईल की, मराठीत ‘वेड’ हा शब्द नेहमीच निंदाव्यंजक नाही. भक्तीचे वेड, नाटकाचे वेड, गाण्याचे वेड हे प्रयोग गौरवाचे आहेत, आणि ‘अरे वेड्या’ हे संबोधन मायेचेही असते. हे खरे आहे. पण त्यामुळे रोग्याची स्थिती सुधारत नाही, उलट अधिक अवघड होते. जो शब्द लाडाचा, गौरवाचा आणि उपहासाचा एकाच वेळी आहे तो आजाराचे नाव म्हणून निरुपयोगी ठरतो. डॉक्टर तो वापरू शकत नाही आणि रोगी तो ऐकू शकत नाही.

म्हणून सुशिक्षित मराठीने नवे शब्द आणले. ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले. ‘वेडा’ जाऊन ‘मनोरुग्ण’ आला. ‘वेड’ जाऊन ‘मनोविकार’ आला. ह्यांपैकी ‘मनोविकार’ ह्या शब्दाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत मनोविकार म्हणजे राग, लोभ, प्रीती, भीती असे मनाचे स्वाभाविक भाव. आगरकरांनी हॅम्लेटच्या मराठी रूपाला ‘विकारविलसित’ हे नाव दिले (१८८३) ते ह्याच अर्थाने. त्या नावात विकार म्हणजे व्याधी नव्हे, मनोभावांचा खेळ होय. तेव्हा मनोविकार नसलेला मनुष्य कल्पिणेच अशक्य होते. आज त्याच शब्दाने आपण रोग्यांना इतरांपासून वेगळे काढतो. जो शब्द सर्व माणसांना समान होता तो काहींचा शिक्का झाला. शब्दाचा अर्थ संकोचला, आणि त्याबरोबर आपली सहानुभूतीही संकोचली असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

‘मनोरुग्ण’ ह्याची गत त्याहून वेगळी झाली नाही. सौम्यपणासाठी आणलेला हा शब्द आता राजकीय भांडणात शिवी म्हणून सर्रास वापरला जातो. व्याकरण तेच ठेवून नाम बदलल्याचा हा परिणाम आहे. ‘तो वेडा आहे’ च्या जागी ‘तो मनोरुग्ण आहे’ असे म्हटल्याने मनुष्य पुन्हा विकाराच्याच नावाने उभा राहतो. शब्द दर तीस वर्षांनी बदलावा लागेल आणि दर वेळी तो मलिन होईल. बदलावयाची आहे ती वाक्यरचना : ‘त्याला मनाचा आजार आहे’, ‘तिला भास होत असत, आता होत नाहीत.’ ह्या वाक्यांत काळ आहे, आणि काळ आहे म्हणून बरे होण्याला जागा आहे.

५

हे विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून एका विशिष्ट स्थळाचा विचार करू. दिघा हे नवी मुंबईच्या उत्तर टोकाचे गाव. मूळच्या आगरी-कोळी गावांच्या ह्या पट्ट्यात १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे व औषधांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून व परप्रांतांतून श्रमिक आले. १९९२ पासून हा भाग नवी मुंबई महानगरपालिकेत आहे. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव हे रेल्वेस्थानक सुरू झाले. येथून कळवा ओलांडले आणि खाडीपलीकडे गेले की ठाणे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांबरोबर राज्याच्या जुन्या चार मनोरुग्णालयांत त्याची गणना होते.

मुंबईकरांच्या बोलीत ह्या रुग्णालयामुळे ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा रूढ झाला. दिघ्याच्या माणसाची गंमत पाहा : त्याला बाजार, कचेरी, दवाखाना ह्यांसाठी एरव्हीही ठाण्यालाच जावे लागते. ‘ठाण्याला जातो’ हे त्याचे रोजचे वाक्य आहे. परंतु घरातील कोणाला मनोरुग्णालयात न्यावयाचे असेल तर तेच साधे वाक्य एकाएकी उच्चारता येईनासे होते, आणि ‘मोठ्या डॉक्टरांकडे’, ‘तपासणीला’ अशा आडवाटा शोधाव्या लागतात. गावाच्या नावाला लागलेला हा कलंक अंतराने कमी होत नाही. जवळ राहणाऱ्याला तो अधिक बोचतो.

औषधाच्या बाबतीतही असेच घडते. अशा वस्तीत औषधाच्या दुकानात मागणी नावाने होत नाही, तक्रारीने होते : ‘उलटीची गोळी’, ‘चक्करची गोळी’. फिनोथायाझिन वर्ग कायद्याच्या एच अनुसूचीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून तो विकता येत नाही. परंतु हा निर्बंध सांगणारा मजकूर वेष्टनावर असतो तो बहुधा इंग्रजीत. काही वेष्टनांवर औषधाचे नाव देवनागरीत छापलेले दिसते. सूचना मात्र तशी दिसत नाही. नाव वाचता यावे पण धोका वाचता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. दुसरीकडे, मनाच्या आजारावरील औषधाला घरात ‘झोपेची गोळी’, ‘डोक्याची गोळी’ किंवा ‘शांत राहायची गोळी’ म्हणतात. ही नावे निरुपद्रवी वाटतात, पण प्रत्येकीत एक चुकीची सूचना दडलेली आहे. झोपेची गोळी झोप येऊ लागली की बंद करावयाची असते, आणि तिची सवय लागते अशी भीती असते. डोक्याची गोळी डोके दुखले तरच घ्यावयाची असते. शांत राहायची गोळी घरच्यांच्या सोयीसाठी असते, रोग्याच्या नव्हे. औषध अर्ध्यावर सुटण्याची कारणे अनेक असतात. त्यांत ह्या नावांचा वाटा असतो हे नाकारता येणार नाही.

विद्वानांची परिभाषाही ह्यात निर्दोष नाही. शामक, शांतक, प्रशांतक हे शब्द पाश्चात्त्य ‘ट्रँक्विलायझर’ ह्या १९५० नंतरच्या नावाचे पडसाद आहेत. पुढे दले व देनिकेर ह्यांनी ‘न्यूरोलेप्टिक’ हे नाव रूढ केले आणि नंतर मनोविकृतिविरोधी ह्या अर्थाचे नाव आले. म्हणजे शास्त्राने स्वतःची चूक ओळखून ‘शांत करणारे’ ही कल्पना सोडली. मराठीत ती लोकांच्या व कोशांच्या तोंडी राहून गेली. भास नाहीसे करणे आणि माणसाला गप्प करणे ह्यांतला भेद ह्या शब्दांनी पुसून टाकला आहे.

६

दुष्परिणामांच्या शब्दांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. प्रोक्लोरपेराझिनच्या साध्या मात्रेनेही, विशेषतः तरुण रोग्यांत, कधीकधी मान एका बाजूला पिळली जाते, जबडा आखडतो, जीभ बाहेर येते, डोळे वर फिरून तसेच राहतात. उलटीसाठी गोळी घेतलेल्या तरुणीची अशी अवस्था पाहून घरच्यांना काय वाटेल? वारे आले, अंगात आले, बाधा झाली, हे शब्द त्यांच्याजवळ तयार आहेत. ‘औषधाने स्नायू आखडले’ हे वाक्य मात्र कोणी त्यांना आधी दिलेले नसते. जो शब्द हाताशी असतो त्याच्या दिशेने पाय वळतात. वस्तुतः ह्या अवस्थेवर इंजेक्शन आहे आणि ते बहुधा थोड्याच वेळात गुण देते. आणि ज्याचा त्यासाठी उपयोग करतात ते प्रोमेथाझिन स्वतः फिनोथायाझिनांच्याच घराण्यातले आहे.

दुसरा दुष्परिणाम असा की, रोग्याला एका जागी बसवत नाही. पाय सारखे हलवावेसे वाटतात, जीव थाऱ्यावर राहत नाही. परिभाषेत ह्याला ग्रीक नाव आहे व त्याचा शब्दशः अर्थ ‘न बसणे’ असा होतो. मराठीत ह्यासाठी संस्कृत शब्द घडवावा लागेल असे कोणास वाटत असेल तर ते चूक आहे. तगमग, तळमळ, घालमेल, कासाविशी, चुळबूळ असे अनेक शब्द येथे हजर आहेत, आणि त्यांतील छटा परस्परांहून वेगळ्या आहेत. रोगी ‘तगमग होते’ म्हणाला आणि ऐकणाऱ्याने ती मूळ आजाराची वाढ समजली, तर औषध वाढविले जाईल आणि तगमगही वाढेल. येथे शब्द नीट ऐकणे हाच उपचाराचा भाग ठरतो. औषध ‘गरम पडले’ ही लोकांची तक्रारही अशीच सोडून न देता, तुम्हांला नेमके काय होते, असे विचारून उलगडावी लागते.

ह्या दृष्टीने रोग्याच्या हाती द्यावयाच्या मजकुराचा एक नमुना येथे मांडतो. ‘ही गोळी मळमळ व उलटी थांबविण्यासाठी दिली आहे. हेच औषध जास्त मात्रेत मनाच्या आजारावरही देत आले आहेत. म्हणून आपल्याला तो आजार आहे असे समजू नये. गोळीने झोप येते. यंत्रावर काम करू नये, गाडी चालवू नये. मान वाकडी झाली, जीभ बाहेर आली, डोळे वर गेले, तर ते वारे नव्हे, औषधाचा परिणाम आहे. पुढची गोळी न घेता लगेच दवाखान्यात जावे, त्यावर इंजेक्शन मिळते. एका जागी बसवेनासे झाले तर डॉक्टरांना सांगावे. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस घेऊ नये.’ ह्यात एकही घडविलेला शब्द नाही. ‘ते वारे नव्हे’ हे तीन शब्द परिभाषाकोशात कधीच येणार नाहीत. पण ह्या मजकुरातील सर्वांत उपयुक्त शब्द तेच आहेत, कारण वाचकाच्या मनात आधीच असलेल्या शब्दाला ते उत्तर देतात.

७

अखेरीस साहित्याविषयी थोडे. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ सालचे, म्हणजे डॉ. वकील आणि देनिकेर ह्यांना लास्कर पारितोषिक मिळाले त्याच वर्षीचे. ह्या नाटकाने मराठी रंगभूमीवर वेडाला विनोदातून व भुताटकीतून सोडवून मनाच्या घडामोडींशी जोडले, हे त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील साहित्यात वेड हे एक कोडे असते आणि उत्तर भूतकाळात असते. रहस्य उलगडले की नाट्य संपते. औषधाचा काळ ह्याहून भिन्न असतो. तो संथ, पुनरावृत्तीचा, रहस्यहीन असतो. रोज रात्री एक गोळी, महिन्याला एक फेरी, जड जीभ, वाढलेले वजन, आणि तरीही कामावर जाणे : ह्या काळाचे चित्रण करण्याची रीत आपल्या साहित्याला अजून पुरती साधलेली नाही.

२००४ चा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा ‘देवराई’ हा चित्रपट ह्या बाबतीत पुष्कळ पुढे गेला. त्यातील शेषला आजार आहे, त्या आजारावर उपचार आहेत, आणि बहीण त्याचा भार वाहते आहे; आजार कोणाच्या पापाचे फळ म्हणून आलेला नाही. मराठी प्रेक्षकाला ह्या आजाराकडे आजार म्हणून पाहण्यास त्याने शिकविले. तरीही देवराईचे रूपक इतके देखणे आहे की स्मरणात राई राहते, उपचारांची धीमी वाट राहत नाही. वेड गूढ व सुंदर असते ही स्वच्छंदवादी समजूत एका दारातून बाहेर काढली तरी दुसऱ्या दारातून परत येते, ह्याचे हे उदाहरण मानता येईल. रोग्याला गूढतेची गरज नसते. त्याला आपल्यासारखाच दुसरा कोणी गोळी घेऊन सकाळी गाडी पकडतो आहे हे कळण्याची गरज असते.

सारांश, भाषेच्या अभ्यासकांपुढे ह्या विषयात तीन कामे आहेत. पहिले, आजाराचे वाक्य चतुर्थीत ठेवणे, म्हणजे आजार माणसाला झालेला असावा, माणूस आजार झालेला नसावा. दुसरे, दुष्परिणामांची नावे लोकभाषेतून वेचून त्यांच्या अर्थच्छटा निश्चित करणे. हे काम कोशकार व डॉक्टर ह्यांनी एकत्र बसून करावयाचे आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी हा विषय आजही मोकळा आहे. तिसरे, औषधाच्या नावाऐवजी त्याचा हेतू व मात्रा सांगण्याची रीत रूढ करणे, म्हणजे एकच औषध एका घरात उलटीवर आणि शेजारच्या घरात भासांवर दिले गेले तर दोन्ही घरांना त्याचे आश्चर्य किंवा लाज वाटणार नाही.

मराठीत ‘चिकित्सा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : रोगावरील उपचार आणि एखाद्या गोष्टीची कसून छाननी. समीक्षकाचा अधिकार दुसऱ्या अर्थापुरताच आहे. परंतु दिघ्याच्या औषधाच्या दुकानात गोळीबरोबर जो शब्द दिला जातो तो खरा असावा, एवढी मागणी करण्यापुरता तो पहिल्या अर्थाच्याही उपयोगी पडू शकतो.